काळ्या स्वेटरची उजवी बाही

...आणि आवाज केला कोणी, तर बाहीनं. तुमाले सांगते, दाराच्या बिजागरीनं नाही, वरच्या पंख्यानं नाही, स्वेटरच्या बाहीनं. बाबांनी डोक्यातून स्वेटर घातला, डावा हात डाव्या बाहीत टाकला तेव्हा काही नाही, एकदम शांत, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी बाही. आणि उजवा हात उजव्या बाहीत टाकला, तर चट्. मग चट् चट्. मग बाबांच्या मनगटावरचे पांढरे केस असे उभे राहिले जसं काही कोणी त्याईची हजेरी घेऊन राहिलं. मी दचकून मागं सरकली, माझा हात गेला सरळ तिळाच्या परातीत, आणि आई म्हणाली, "झालं. कुकरचा भेव होता, कारखान्याच्या भोंग्याचा भेव होता, आता हिले स्वेटरचाही भेव वाटाले लागला."

बाबा हसले. म्हणाले, "अवं, नवा आहे तो. नवे जोडे नाही काय वाजत?"

नवे जोडे. तुमीच सांगा, स्वेटर काय जोडा आहे? पण सण होता, संक्रांत होती, स्वेटर माझ्या हातचा होता, आणि माझ्याच हातच्या वस्तूतून आवाज येऊन राहिला हे मी माझ्याच तोंडानं कावून सांगू? त्यापेक्षा कप द्यायचा होता.

माझी मैत्रीण आहे भूमिका, इथं भिलाईतच कोहक्याले राहते. तिचं आयुष्य किती सोपं आहे पाहा. कोणाचा वाढदिवस असो, लग्न असो, रिटायरमेंट असो, ती कप देते. फोटोवाला कप. तिनं तिच्या बाबाले दिला तो तर काळा आहे, थंड असला की नुसता काळा, आणि गरम चहा टाकला की आतून हळूहळू घरच्या लोकांचे चेहरे वर येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकलीच होती, कपातून तिची मोठी आत्या माझ्याकडं पाहून राहिली होती. तर ही भूमिका मले म्हणाली होती, "यार, संक्रांत को काला ही देना है ना अंकल को? काला कप दे दे. बात खतम." बात खतम. तेव्हाच बात खतम केली असती तर आज मी भरदुपारी बाबांच्या स्टील प्लांटच्या गेटवर, पायात एक आईची चप्पल आणि एक माझी, मुठीत जळालेला धागा घेऊन उभी राहिली असती काय?

पण नाही. मले हातानं विणायचं होतं. कावून, की बाबांनी मागितलं होतं. आणि खरं सांगते, त्या चट्च्या आधी तिथंच मले खटकायला पायजे होतं.

कारण माझे बाबा, पंजाबराव, म्हणजे भट्टीवरचा माणूस. भट्टीचं तोंड फोडायचं, आतलं वितळलेलं लोखंड बाहेर काढायचं, ते लाल नदीसारखं समोरून वाहून राहिलं आणि आपण काठावर उभं, हे काम. माझ्या जन्माच्या आधीपासून हेच काम. अशा माणसाले थंडी वाजत नाही. आमच्या स्मृति नगरात जानेवारीत चांगले धडधाकट लोक कानटोप्या घालून फिरतात, आणि बाबा बनियनवर अंगणात बसून पेपर वाचतात. गोंदियाकडच्या लग्नात कोणी स्वेटर घालून दिसला की बाबा आईच्या कानात म्हणत, "हा खुर्चीवाला दिसते." त्याईच्या हिशोबानं जगात माणसं दोनच प्रकारचे, भट्टीवाले आणि खुर्चीवाले. आणि खुर्चीवाला हा शब्द ते असा काढत, जसा भाजीतून खडा काढतात.

आणि हाच माणूस दिवाळीनंतर एक दिवस ताटावर बसून म्हणते, "उन्नती, तू विणत असते ना काही काही. एक स्वेटर होईन काय वो? पूर्ण बाहीचा."

आईची पोळी तव्यावर जळाली.

मले वाटलं, शुगर. मग वाटलं, थायरॉइड. मग मोबाइलवर 'अचानक थंडी वाजणे' असं टाकलं, तर पहिलंच कारण असं निघालं की मी मोबाइल उशीखाली दाबून वर बसली. बाबाले विचारलं तर म्हणे, "काही नाही, स्कूटरवर वारं लागते." त्यात दिवाळीपासून त्याईची ड्यूटीही बदलली होती. रातपाळी बंद. सकाळी आरामात जायचं, संध्याकाळी यायचं. म्हणे, रिटायरमेंट जवळ आली की देतात असं. कपड्याले काळं लागणं बंद, बुटाले राख लागणं बंद. आई खुश, तिचा साबण वाचला. मी घाबरलेली. आमच्या घरात हे नेहमीचं आहे, एकाच गोष्टीनं आई खुश होते आणि मी घाबरते.

बाबांनी अट एकच घातली. "लोकर अस्सल पाहून घेजो. नायलॉन-फायलॉन नको."

ही अट आमच्याकडं नवी नाही. तुमच्या घरी कपडा घेताना रंग पाहत असतील, भट्टीवाल्याच्या घरी आधी कॉलर उलटी करून आतलं लेबल वाचतात. लोकर जळते, पण जळून राख होते आणि झडून जाते. नायलॉन नि त्याचे बहीणभाऊ राख होत नाहीत, वितळतात. वितळतात आणि अंगाले धरून बसतात. फकिरा काका होते बाबांसोबत भट्टीवर, त्याईचा घोटा मी लहानपणी पाहिला आहे. साधा मोजा होता, नायलॉनचा. लोखंडाचा थेंब उडाला, केवढा, तर तिळाएवढा. दवाखान्यात तो मोजा चामडीसोबत निघाला, आणि थोडा निघालाच नाही. काका आता बसल्या बसल्या पाय वर करून दाखवतात, "आपला एक मोजा तर कायमचाच आहे, धुवाची झंझट नाही." सगळे हसतात. बाबा सगळ्यात जोरात हसतात. मी त्या घोट्याकडं पाहते आणि मले पुढचा घास जात नाही.

म्हणजे मले माहीत होतं. हे तुमी लक्षात ठेवा. कोणी म्हणन, पोट्टीले काय माहीत. पोट्टीले सगळं माहीत होतं. पोट्टीनं केमिस्ट्रीत एमएस्सी केली आहे. त्याच बहीणभावांतल्या अॅक्रिलिकचं पूर्ण नाव काय, तर पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, हे लिहून मार्क घेतले आहेत पोट्टीनं. आणि तरी.

आता डिझाइन शोधायची. मी मोबाइलवर टाकलं, 'वडिलांसाठी सणाची विणलेली भेट'. काय काय निघालं, विचारू नका. सगळ्यात आधी निघाले लाल मोजे, म्हणे शेकोटीच्या वर भिंतीले टांगा. बाबाले दाखवले तर म्हणे, "आमच्या शेकोटीवर टांगले तर पायासकट जातीन." मग निघाली बाटलीची टोपी. मग कुत्र्याचा स्वेटर, त्याच्यावर हरणं. मग उकडलेल्या अंड्यावर घालायची टोपी, ते गरम राहावं म्हणून. बाबांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, दूर नेला, म्हणाले, "अंड्याले टोपी? आणि पंजाबरावले काही नाही?" मग एक हिंदीवाली बाई सापडली, तिचा आवाज असा की झोप यावी, "तो बहनों, आज हम सीखेंगे पापाजी का केबल वाला स्वेटर." वेण्याच वेण्या. समोरून चार जाड वेण्या, दोन्ही बाह्यांवर एकेक. मले ते पाहूनच भरून आलं. साधी उलट-सुलट घेतली असती तर काय बिघडत होतं? पण एका बापाची एक पोरगी, तिले वेण्याच पायजे होत्या.

आणि रंग काळा. संक्रांतीले काळं घालतात ना आपल्याकडं. आजूबाजूचे सगळे म्हणतात, "आप लोग त्योहार में काला पहनते हो?" आणि आई प्रत्येक वर्षी सांगते की थंडीचा सण आहे, काळ्यानं ऊब राहते, आणि ते प्रत्येक वर्षी मान हलवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. तर काळा. भिलाईत अस्सल लोकर शोधायची आणि तीही काळी, म्हणजे काय असते तुमाले सांगते. दुकानदार मरून रंग दाखवते. तुमी म्हणता काळी, तो कॉफी दाखवते. तुमी म्हणता काळी, तो म्हणते, "मैडम, ये देखिए, नेवी ब्लू, रात में काला ही दिखता है." शेवटी सुपेल्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याजवळ मिळाली. खरी. हाताले टोचणारी, जराशी मेंढीचा वास मारणारी, अंधारासारखी काळी. होती तेवढी सगळी मी उचलली.

आणि वेण्यांनी ती खाल्ली. हे कोणी सांगत नाही पाहा. वेणी दिसते सुंदर, पण लोकर खाते, पाहुण्यासारखी बसून बसून खाते. पाठ झाली, समोरचं झालं, डावी बाही झाली, आणि उजव्या बाहीच्या मनगटावर चार बोटं विणून झाली तर हातात शेपूट राहिलं. म्हाताऱ्याकडं धावली. तो म्हणे, "काला तो अब होली के बाद आएगा, बेटी." होळीनंतर स्वेटर. होळीनंतर आमच्याकडं लोक स्वतःची कातडी काढून ठेवायले पाहतात. आईले विचारलं, उजवी बाही मरून करू काय? आई म्हणाली, "कर ना. बँडवाल्यांनी बोलावलं तर जातीन तिकडं."

कप द्यायचा होता. कपाले बाही नसते.

मग मी दुसऱ्या दुकानात गेली. मोठं दुकान, काचेचं. मी पर्समधून ते शेपूट काढलं, त्यानं ते पाहिलंही नाही, मागच्या मागं हात घालून एक गोळा काढला आणि शेजारी ठेवला. "सेम टू सेम." मी विचारलं. हे मी देवासमोर सांगीन, मी विचारलं, "भैया, प्योर वूल है ना?" तो म्हणाला, "मैडम, वूल ही तो है." आणि मले ते उत्तर वाटलं. आता विचार करा, मी म्हटलं प्योर आहे ना, तो म्हणे वूलच तर आहे. हे उत्तर आहे काय? पण ट्यूबलाइटखाली दोन्ही काळे एकमेकांत असे मिसळले की शेपूट कुठं संपलं नि गोळा कुठं सुरू झाला ते दिसेना, आणि मी रंग पाहून खुश झाली. भट्टीवाल्याची पोरगी, रंग पाहून. हात लावला तर अजून मऊ. टोचत नाही, वास नाही. मी म्हटलं, वा, ही तर आधीच्यापेक्षा चांगली दिसते.

आणि त्या झोपाळू बाईनं व्हिडिओत सांगितलं होतं हो, की बहनों, ऊन असली है कि नकली, एक धागा जलाकर देखिए. सांगितलं होतं. मी तेवढा भाग पुढं ढकलला होता. मले वेणी पाहायची घाई होती.

तर आज सकाळ. स्वेटर अंगात. चट् चट् झालं, हसून झालं, तीळगूळ झाला. बाबा स्कूटर काढायले अंगणात गेले, मी मागून गेली. आणि तिथं पडलं होतं ऊन. बाबांनी हँडल धरलं, दोन्ही हात समोर, आणि मी पाहिलं. डावी बाही काळी. ऊन तिच्यात जाऊन बसून राहिलं होतं, बाहेरच येत नव्हतं. आणि उजवी बाही चमकली. जशी काही आत्ताच पॉलिश मारली.

मले खटकलं.  पण मले रोजच काहीतरी खटकते, मी काय लक्ष देऊ? उलट मीच म्हटलं, तुमी ऐका मी काय म्हटलं, मी म्हटलं, "बाबा, आज दिवसभर अंगातून काढायचा नाही हां. संक्रांत आहे. शपथ."

बाबा म्हणाले, "कावून काढीन वो? मले पायजेच आहे तो." आणि गेले. कोपऱ्यावर वळताना उजवा हात वर केला. चमकला.

घरात आली, तर आई वाटायच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करून राहिली. गॅस चालू. मी काही ठरवलं नव्हतं, माझे हातच गेले. टोपलीतून आधीचं शेपूट घेतलं, चिमट्यात धरलं, गॅसवर धरलं. फुर्र झालं, विझलं, राख झाली, बोटानं चोळली तर भुगा. घरभर वास. आई म्हणाली, "केस कोण जाळून राहिलं? सणाच्या दिवशी?" मी म्हटलं, काही नाही, लोकर आहे. मले किती हायसं वाटलं सांगू. मग दुसऱ्या गोळ्याचा धागा धरला.

त्याची राख झाली नाही. आक्रसला. पळाल्यासारखा मागं मागं गेला, त्याचा गोळा झाला, गोळ्याचा थेंब झाला, आणि तो थेंब जळत जळत खाली पडला, पाकाच्या कढईच्या कडेवर. केस जळाल्याचा वास नाही. तो दुसराच वास. मी सांडशीच्या टोकानं तो थेंब काढायले गेली. निघाला नाही. खरवडला. निघाला नाही. केवढा होता, तर तिळाएवढा.

आई पाहून राहिली होती. तिले केमिस्ट्री येत नाही, पण तिनं फकिरा काकांचा घोटा पाहिला आहे. तिनं गॅस बंद केला. म्हणाली, "कोणती बाही?"

मी म्हटलं, "उजवी."

उजवी. सगळं उजव्या हातानं. तो लांब चमचा भट्टीतल्या लोखंडात बुडवून नमुना काढायचा, कोणत्या हातानं? उजव्या. आई म्हणाली, "वरून कोट घालतात ना ते चांदीसारखा." मी म्हटलं, "तो फक्त एकदम समोर जाताना. बाकीच्या वेळी?" आई म्हणाली, "बाकीच्या वेळी गरमी होते, त्याईनं काढलाही असन स्वेटर." मी म्हटलं, "मी शपथ घातली."  आई गप्प बसली की मले जो भेव वाटते ना, त्यापुढं भोंगा काहीच नाही.

फोन लावला. वाजला, वाजला, वाजून थांबला. अर्थात. भट्टीवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागते, आयुष्यात कधी ड्यूटीवर बाबांनी फोन उचलला नाही. पुन्हा लावला. किती वेळा लावला ते विचारू नका. फकिरा काकाले लावला, त्याईले आतले सगळे ओळखतात. बिझी. थांबून लावला, बिझी. संक्रांत ना, काका जुन्या लोकांले एकेकाले फोन करून गोड बोला म्हणून राहिले असतीन. सगळ्या गावासोबत गोड बोलून राहिले आणि इकडं माझ्या बापाचा हात.

आई म्हणाली, "गेटवर जा." म्हणून चपला अशा. म्हणून मी इथं.

तुमी कधी प्लांटच्या गेटवर जाऊन सांगून पाहा की माझ्या बापाच्या स्वेटरची बाही नकली आहे. पाहाच सांगून. तो जवान, बिचारा, सभ्य होता. म्हणाला, "पास?" मी म्हटलं, पास नाही, पर अर्जंट है, उनका दाहिना बाजू. त्याचा चेहरा बदलला, "क्या हुआ बाजू को?" मी म्हटलं, अभी कुछ नहीं हुआ, स्वेटर का बाजू, वो अॅक्रिलिक का है. तो माझ्याकडं पाहत राहिला. मग माझ्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मैडम, स्वेटर के बाजू के लिए गेट पास नहीं बनता. आप अंदर फोन कर लीजिए." मी म्हटलं, कोई उठा नहीं रहा. तो म्हणाला, "तो काम में होंगे." हे त्यानं धीर द्यायले म्हटलं. काम में होंगे. तेच तर, माय, कामातच असतीन.

मी बाजूले भिंतीजवळ उभी राहिली. फोन लावला. आतून एक गाडी आली, पांढरी, वरचा लाल दिवा फिरून राहिलेला, आवाज न करता. गेट उघडलं, गाडी दवाखान्याच्या रस्त्यानं गेली. आवाज न करता, म्हणजे चांगलं की वाईट? घाई नसली की आवाज करत नाहीत, आणि घाई नसते केव्हा? मी जवानाले विचारलं, भैया, उसमें कौन था? तो म्हणे, "रोज जाती है, मैडम, बीपी-वीपी वालों को लेके." मी काचेतून काही काळं दिसते काय म्हणून पाहिलं होतं. चमकणारं काळं. सगळ्याच काचा काळ्या होत्या.

आणि मले काय काय दिसून राहिलं ते सांगू? मले बाबा घरी आलेले दिसून राहिले, उजवा हात पट्टीत, आणि समोर फकिरा काका, आणि बाबा हसून सांगून राहिले, "आपली एक बाही तर कायमचीच आहे." आणि सगळे हसून राहिले. आणि मी सगळ्यांसाठी चहा आणून राहिली. पोरीनं विणलेली बाही, म्हणतीन, उतरतच नाही. वेणीसकट.

कप द्यायचा होता. कप पडला असता, फुटला असता, पायाले लागला असता, एक पट्टी लावली असती.

पुन्हा लावला. मनात ठरवलं होतं, आता नाही उचलला तर त्या जवानाच्या पायाशी बसायचं. वाजला. वाजला. वाजला.

आणि उचलला.

मी इतकी दचकली की मोबाइल सुटता सुटता राहिला. कानाले लावला, तर बाबांचा आवाज नाही. एक पोरगा. "हेलो? दीदी, मैं हेमराज बोल रहा हूँ, पंजाबराव काका के साथ काम करता हूँ. काका चाय लाने गए हैं, फोन टेबल पर छोड़ गए. बोलके रखे हैं कि ड्यूटी में घर का फोन नहीं उठाना है, पर इत्ता बज रहा था तो..."

टेबल? भट्टीसमोर टेबल? पण माझं तोंड सुरू झालं होतं, थांबते थोडंच. भैया, उनको बोलो स्वेटर उतारें, अभी के अभी, दाहिना बाजू नकली है, पिघल जाएगा, भट्टी के पास मत जाने दो उनको, मैंने कसम दी थी, वो नहीं उतारेंगे, तुम खींच के उतारो.

फोनमध्ये मागून नुसता एक आवाज, बारीक, घूंऽऽ. भट्टीचा नाही. हा आवाज मी बँकेत ऐकला आहे.

"भट्टी?" हेमराज म्हणाला. "दीदी, काका तो दिवाली से इधर कंट्रोल रूम में हैं. घुटने का हुआ ना उनका, डॉक्टर ने नीचे जाने को मना कर दिया. घर में नहीं बताए क्या? यहाँ तो एसी है, मशीनों के लिए फुल रखना पड़ता है, सब स्वेटर में ही बैठते हैं." मग जरा थांबून म्हणाला, "डिजाइन बहुत अच्छा है, दीदी."

गुडघा. दिवाळीपासून गुडघा. माझ्या बापाले थंडी वाजून राहिली होती खुर्चीत, आणि मी शुगर शोधून राहिली होती.

तिकडून दार उघडल्याचा आवाज आला, आणि बाबांचा, "कोणाचा फोन आहे बे? घरचा? अरे तुले सांगितलं होतं ना..." आणि मग खडखड, आणि मग कानाजवळ श्वास.  मी तशीच उभी. भिंतीजवळ. चपला अशा.

"उन्नती," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "हाव बाबा."

"त्या पोट्ट्यानं सांगितलं?"

मी म्हटलं, "हाव."

 मी काय बोलू? बाबा, तुमी जिवंत आहा, तुमचा हात जागेवर आहे, तुमी खुर्चीवाले झाले, यातलं आधी काय म्हणू? मी म्हटलं, "स्वेटर गरम आहे ना?"

"आहे ना. मस्त आहे," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "डावीकडं जास्त गरम लागते. उजवीकडं वारं शिरते, कावून ते समजत नाही."

मी म्हटलं, लोकर संपली होती.

"असू दे. आईले नको सांगू." बाहीचं की खुर्चीचं, ते त्याईनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी फोन ठेवणारच होती, तर म्हणाले, "आणि ऐक. इथं त्या एसीत चहा लगेच थंड होते वो. कागदाच्या ग्लासात तर ओठाले लागेपर्यंत पाणी. तुझ्या त्या मैत्रिणीनं तिच्या बापाले दिला ना, तो काळा कप... तो कुठं मिळते?"